गुळावरची मांजरपाटाची वीण

कोल्हापूरच्या फलाटावर माझे वडील, आबा, सगळ्यांत शेवटी पोचले. माझ्या लग्नाला सहा दिवस झाले होते, मी नवऱ्याबरोबर लखनौला निघाले होते, आणि आमचा डबा शोधत आबा पार इंजिनापर्यंत जाऊन परत आले होते. खांद्यावर पांढऱ्या मांजरपाटात बांधलेली गुळाची ढेप. श्रीधरने ती खिडकीतून घ्यायचा प्रयत्न केला, पण गजांमधून ढेप आत येईना. मग आबा स्वतःच डब्यात चढले, ढेप बाकाखाली सरकवली आणि तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच वाकून राहिले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. उठले तेव्हा श्रीधरला म्हणाले, "ओल लागू देऊ नका." आणि मला म्हणाले, "सायकल असू दे इथं. आलीस की लागंल."

सायकल काळी होती, लेडीज. गावापासून कॉलेजपर्यंत आणि पुढे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गापर्यंत मी तिच्यावरूनच गेले. वाटेत गुऱ्हाळ लागायचं. आबा तिथले गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: मोठ्या काहिलीत उसाचा रस तासन् तास उकळतो, पण तो चुलीवरून कधी उतरवायचा हे एकच माणूस ठरवतो, तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ पुढे पाझरतो, जरा उशीर झाला तर करपतो. आबा उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचे, त्याची गोळी करून परातीवर टाकायचे आणि तिचा आवाज ऐकायचे. मग गरम गूळ मांजरपाट अंथरलेल्या बादलीत ओतायचे. थंड झाल्यावर ढेप उपडी केली की तिच्या अंगावर कापडाची वीण उमटलेली असायची. लहानपणी मी त्या विणीवर बोट फिरवत बसायची. शाळेतून आले की आबा जिभेवर खडा ठेवायचे आणि म्हणायचे, "दातानं न्हाई, जिभंनं बघ. आता सांग." मी सांगायची. बहुतेक वेळा बरोबर असायची, आणि त्याचा मला फार गर्व होता.

या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. हे मी लिहिते आहे ते तिकडे मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. लिहायला महिना लागला, कारण एका जागी बसवत नाही.

श्रीधर इथं ऊस संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता. लोकांना त्याची गंमत वाटायची. कोल्हापूरचा माणूस ऊस शिकवायला लखनौला कशाला जातो? तो म्हणायचा, ऊस सगळीकडे गोडच असतो, माणसं बघायला जातो. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले. आधी संस्थेच्या क्वार्टरमध्ये राहिलो, मग शहराच्या कडेला, चिनहटच्या अलीकडे घर बांधलं. आमच्या घरातली मराठी हळूहळू झिजत गेली. भाजीवाला भैया झाला, भाजी सब्जी झाली, वाक्याच्या शेवटी 'हाँ' यायला लागलं. मुक्ता, आमची मुलगी, माझं सगळं मराठी समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. ज्वारीची भाकरी सणापुरती उरली, मग सणालाही राहून गेली. मी फार हट्ट धरला नाही. एका गोष्टीचा मात्र धरला. गूळ तिकडचाच हवा. दर वर्षी पौषात आबांची ढेप यायची. संक्रांतीच्या तिळगुळापासून पुरणपोळीपर्यंत वर्षभर तीच पुरवायची. शेजारच्या मिश्राजींच्या घरचा गूळ मी चहात घालायची नाही. "अपने यहाँ का गुड़ अलग होता है," असं मी इतक्यांदा सांगितलं होतं की मिसेस मिश्रा माझी नक्कल करायच्या.

गेल्या होळीनंतर श्रीधर गेला. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि गेला.

तेव्हापासून मी घरभर चालते. पुस्तक उघडते, वीस-पंचवीस पानं होतात, मग उठून खिडकी लावते, पुन्हा उघडते. त्याच्या खोलीतली पुस्तकं मी तीनदा लावली, एकदा विषयाप्रमाणे, एकदा लेखकाप्रमाणे, एकदा नुसती उंचीप्रमाणे. आयुष्यभर दुसऱ्यांना शांत बसा म्हणणारी बाई मी. आता माझाच पाय थांबत नाही.

डिसेंबरात दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ कोल्हापुरात राहतो. त्याच्या खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड सोडून गेलं होतं. "ये की आता. एकटी तिथं काय करतीस? आम्ही वर, तू खाली. पण दुसरीबी माणसं इचारायला लागल्यात. येत्या रविवारपतोर सांग." वहिनी मागून म्हणाली, "वन्संना म्हणावं, दोन माणसांचाच सैपाक आहे, तिसऱ्याचा काय जड न्हाई."

जायला हवं होतं. न जाण्यासारखं इथं काही नव्हतं. तरीही मी "सांगते" म्हणाले, आणि त्याचं खरं कारण सांगायला लाज वाटते. पौष लागला होता आणि दादाने गूळ पाठवला नव्हता. आबा गेल्यावरसुद्धा दोन वर्षांचा खंड सोडला तर तो न चुकता पाठवत होता. आबांच्या हाताखाली शिकलेला कुणी शेजारच्या गुऱ्हाळात करतो, असं श्रीधरने सांगितलं होतं. दर वर्षी श्रीधरच एखाद्या रविवारी स्कूटर काढून पार्सल आणायला जायचा. या वर्षी, नेमकं या वर्षी, दादा विसरला. डब्यात मुठीएवढा तुकडा उरला होता आणि मी तो वापरत नव्हते. जो भाऊ एवढं विसरतो त्याच्या घराखाली जाऊन राहायचं का, असं मी स्वतःला विचारत होते. दुःखात माणूस किती क्षुद्र होतो ते मला या वर्षात कळलं.

त्यातच मुक्ताचा बेंगळुरूहून फोन. "आई, सैटरडे का बुक कर दिया है. साइकिल टूर. मलिहाबाद के गाँवों में, खाना-वाना भी चखाते हैं. कैंसल नहीं होता."

"मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, मुक्ता."

"तो? तुम ही तो बोलती हो, कॉलेज साइकिल से जाती थी."

"ते कोल्हापूर होतं."

"आई, प्लीज. एक बार. मेरे लिए."

तिच्या आवाजात काहीतरी होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

शनिवारी पहाटे टॅक्सीने लखनौजवळच्या मलिहाबादला पोचले तेव्हा धुकं इतकं होतं की समोरच्या सायकली आधी नुसत्या चकाकत्या रेघांसारख्या दिसल्या. आम्ही तिघंच होतो. दिल्लीचं एक तरुण जोडपं आणि मी. वाट दाखवणारी मुलगी अर्शी, इथलीच, पंचविशीतली, डोक्यावर हेल्मेट आणि त्याखाली ओढणी नीट खोचलेली. तिने मला गिअर समजावले, सीट खाली केली आणि अदबीने म्हणाली, "आंटी जी, आप हमारे साथ-साथ चलिएगा. जहाँ थकें, बस आवाज़ दे दीजिए."

मी पायडलवर पाय ठेवला. पहिले दहा-वीस हात सायकल डुगडुगली. मग नाही. पायांना सगळं आठवत होतं आणि त्यांनी मला काही विचारलं नाही. कडेला आंब्याच्या बागा, झाडं धुक्यात काळी, प्रत्येक बुंध्याला किडे वर चढू नयेत म्हणून प्लास्टिकचा पट्टा बांधलेला. गार हवा डोळ्यांत शिरत होती आणि पाणी येत होतं, आणि ते कशाचं आहे हे कुणाला सांगायची गरज नव्हती. नऊ महिने खोल्यांमधून चालून जे पायांत साठलं होतं ते वाट मिळाल्यासारखं निघालं. मागून अर्शीचा आवाज आला, "आंटी जी! आराम से! टूर गाइड हम हैं!" दिल्लीचा मुलगा हसत होता. मी थांबले, ते आले, आणि पुन्हा थोड्या वेळाने मी पुढे गेलेली.

एका घराच्या ओसरीवर आम्हाला मटारची घुगरी दिली, ताज्या मटाराची, आलं आणि हिरवी मिरची घालून लोखंडी कढईत परतलेली, आणि मातीच्या कुल्हडातून चहा. घरातल्या बाईंनी आंब्याचं लोणचं वाढलं. दिल्लीची मुलगी फोटो काढत होती. अर्शी सांगत होती की मलिहाबादेत आंबा फक्त उन्हाळ्यात नाही, बारा महिने खाल्ला जातो. लोणचं चांगलं होतं. पण मी उभ्यानेच खाल्लं. बाईंनी दोनदा खाट पुढे सरकवली, मी दोनदा "बस, बस" म्हणाले. बसले की रविवार आठवत होता. उद्या दादाला काहीतरी सांगायचं होतं.

पुढे बागा विरळ झाल्या आणि उसाचे तुकडे लागले. वास मला अर्शीच्या आधी आला. ज्याने तो वास लहानपणी घेतला आहे त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगता येत नाही. उकळत्या रसाचा, मळीचा, जळत्या चिपाडाचा. मी ब्रेक दाबला. अर्शी म्हणाली, "जी, हमारा आख़िरी पड़ाव. कोल्हू. यहाँ आप लोग गुड़ बनते देखेंगे, ताज़ा रस पिएँगे, राब चखेंगे."

कोल्हू म्हणजे गुऱ्हाळ, राब म्हणजे आपली काकवी. मला कुणीतरी गूळ कसा करतात ते समजावणार होतं. मला हसू आलं, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, हे श्रीधरला घरी जाऊन सांगू.

कोल्हू रामसेवकजींचा. सत्तरीचे, अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. त्यांचा मुलगा, चाळिशीचा, कढईपाशी उभा होता, रामसेवकजींची बायको चिपाडं वाळत घालत होती. अर्शीचं पाठ केलेलं बोलणं सुरू झालं. मी ऐकत नव्हते. मी कढईकडे बघत होते. रसात भेंडीच्या देठांचं पाणी टाकलं होतं, मळी वर येत होती. तोपर्यंत ठीक. भेंडी इकडेही वापरतात हे मला ऐकून माहीत होतं. मग मुलाने पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, गोळी केली, आणि ती थाळीवर टाकून कान दिला.

आमच्यासमोर पत्रावळीवर हाताने वळलेल्या छोट्या भेल्या ठेवल्या. इकडचा गूळ असतो तशा, ओबडधोबड, बोटांचे ठसे असलेल्या. दिल्लीच्या दोघांनी खाल्ल्या, वा वा केलं. आणि मी भिंतीतल्या फळीकडे बघत होते. तिथं एकटीच एक ढेप होती. बादलीच्या आकाराची. वर जुनं मांजरपाट झाकलेलं, पण एका बाजूने सरकलेलं, आणि त्या बाजूला गुळावर कापडाची वीण.

"वो वाला," मी म्हणाले. "वो दिखाइए."

रामसेवकजी संकोचले. "उ न मिली, बहिन जी. उ एक साहब का है. दखिन वाले साहब. हर साल पूस मा आवत हैं, लै जात हैं. उनकी दुलहिन का दूसर गुड़ नीक नाहीं लागत."

दक्षिणेकडचे साहेब, आणि दुसरा गूळ न आवडणारी त्यांची बायको. अर्शीला माझा चेहरा वेगळा दिसला असावा, कारण तिने माझ्या हातातली सायकल धरली.

ते सांगतच होते. साहब पहिल्यांदा आले त्याला बारा-तेरा वर्षं झाली. म्हणाले, मला एका विशिष्ट चवीचा गूळ हवा आहे, मी सांगतो तसा करा. बादली त्यांनीच आणली, कपडा त्यांनीच आणला. दोन हंगाम ते दर आठवड्याला यायचे, एक तुकडा कागदात बांधून न्यायचे आणि पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन परत यायचे. एकदा म्हणे खारट. एकदा म्हणे जळका. एकदा म्हणे दाताला लागतो. "हम कहेन, साहब, खावत के है? कहिन, घर मा एक मास्टरनी हैं."

ते दोन हिवाळे माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आबा गेल्यानंतरचे, गूळ न आलेले. संध्याकाळी श्रीधर ऑफिसातून यायचा, बॅगेतून वर्तमानपत्राची पुडी काढायचा, म्हणायचा, "संस्थेतला नमुना आहे. जरा बघ, कसा वाटतो?" मी खडा जिभेवर ठेवायची आणि न विचारता निकाल द्यायची. खारट. करपलाय. सोडा टाकलाय, फेकून द्या. त्याचं कधी कधी तोंड उतरायचं आणि मला वाटायचं, शास्त्रज्ञांना टीका सोसत नाही. तिसऱ्या हिवाळ्यात दादाचं पार्सल आलं. मी मांजरपाट सोडलं, विणीवरून बोट फिरवलं, खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "हा खरा. हा आपल्या मातीतला. अहो, मातीच वेगळी हो ती." श्रीधर खुर्चीत बसला होता. तो खूप वेळ माझ्याकडे बघत राहिला होता. मला वाटलं होतं, आबांची आठवण आली असेल.

अकरा वर्षं मी मलिहाबादचा गूळ खाल्ला आणि आल्यागेल्याला सांगितलं की इथल्या गुळाला ही चव यायची नाही.

"मैं ही हूँ," मी म्हणाले.

रामसेवकजींना कळलं नाही. बायकोला कळलं. ती चिपाडं टाकून पदराला हात पुसत आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझं हेल्मेटसुद्धा, आणि खो खो हसायला लागली. "अरे, तौ तुमहिन हौ! मास्टरनी! दुइ साल हमरे नाक मा दम किहे रहिउ! जब देखौ तब खारा है, खारा है! इनका तौ सपने मा तुम्हार डाँट सुनात रही!" आणि मग माझ्या मागे बघत, "साहब कहाँ हैं? यहि साल देर किहिन?"

तिला माहीत नव्हतं. कुणी सांगणार होतं? त्यांच्याकडे आमचा नंबर नव्हता, त्याची गरजच पडली नव्हती, तो पौषात यायचाच. मी सांगितलं. हिंदीत, दोन वाक्यांत. होळीनंतर, सकाळी, त्रास झाला नाही. नऊ महिन्यांत मी हे अनेकांना सांगितलं होतं, बँकेत, पेन्शनच्या ऑफिसात, फोनवर. इथं पहिल्यांदा ऐकणारा माणूस खाली बसला. रामसेवकजी जिथं उभे होते तिथंच, मातीत. बायकोने माझा हात धरला आणि सोडला नाही. कढई मागे उकळत होती आणि मुलगा एकदा कढईकडे, एकदा बापाकडे बघत होता, कारण पाकाला थांबता येत नाही.

त्याने वेळेवर उतरवला. मग रामसेवकजी उठले, फळीवरची ढेप खाली घेतली, मांजरपाट नीट गुंडाळून गाठ मारली आणि माझ्यासमोर धरली. मी हात पुढे केले तर म्हणाले, "पहिले चखौ. हर साल पहिली चखाई घर से पूछ कै आवत रही, तबै दूसर बनत रहा. यहि साल कौनो कुछ बताइस नाहीं. अब के चखी?"

पहिल्या ढेपेचा निकाल दर वर्षी माझ्या घरून यायचा, तेव्हाच दुसरी व्हायची; आता चाखणार कोण? सगळे माझ्याकडे बघत होते. दिल्लीच्या मुलीने फोन खाली ठेवला. गाठ सोडून त्यांनी एका कोपऱ्यातून खडा काढला. मी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. अशा वेळी कुणीही म्हटलं असतं, छान आहे. श्रीधरसाठी ठेवलेला गूळ होता तो. पण जिभेला दुसरं काही शिकवलेलं नव्हतं.

"ज़रा लग गया है," मी म्हणाले. "नीचे से. आँच तेज़ थी."

मग रामसेवकजी मुलाकडे वळून ओरडले, "हम कहत रहेन कि नाहीं! आँच तेज है, आँच तेज है! सुनेव?" मुलगा कपाळावर हात मारत म्हणाला, "लेव, अब ई अपनेन आय गईं." बायको डोळे पुसता पुसता हसत होती. मी तिच्या खाटेवर बसले. बराच वेळ बसले. अर्शीने घड्याळ बघितलं नाही. नंतर दिल्लीच्या जोडप्याला पुढे पाठवून ती माझ्यासाठी थांबली.

संध्याकाळी मुक्ताला फोन केला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"तुला माहीत होतं."

"बाबा ने कसम दी थी, आई. मैं साथ जाती थी स्कूटर पे. बाद में बताना चाहती थी, पर फ़ोन पे कैसे बताती?" मग रडत रडत, "तुम गुस्सा हो?"

होते. रात्रीपर्यंत होते. सगळ्यांना माहीत होतं, गुळव्याच्या मुलीलाच नव्हतं. उन्हाळ्यात कोल्हापूरला गेले की मी दादाला म्हणायची, यंदा रंग छान उतरला, आणि दादा म्हणायचा, "आवडला न्हवं?" आणि वहिनी चहा बघायला आत जायची. मी घरभर चालले. मग डब्यातला तो मुठीएवढा तुकडा काढला, ज्याला मी महिनाभर हात लावला नव्हता, आणि सगळा खाल्ला.

रविवारी सकाळी दादाला फोन लावला.

"दादा, यंदा गूळ पाठवला नाहीस."

"ते यंदा जरा..."

"मी मलिहाबादच्या गुऱ्हाळावर जाऊन आले."

"कळलं व्हय तुला," तो म्हणाला. "दाजींनी शपथ घातली हुती. मी काय करणार? आबा गेले तवा फोनवर काय म्हणाली हुतीस ध्यानात हाय का? म्हणाली हुतीस, गूळबी संपला, आता तिकडनं माझं काय यायचं ऱ्हायलं. दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन. म्हणाले, आबांनी दिवाळसणाला मला काहिलीपाशी उभं करून सगळं शिकवलंय, बघतो जमतंय का. तू फकस्त हो म्हण." मग म्हणाला, "यंदा मी बाजारातला बघितला गं पाठवायला. धा दुकानं फिरलो. तू वळखली असतीस."

मी नसता ओळखला, हे मी त्याला सांगितलं नाही.

"मग खालच्या घराचं काय करू?"

आबांचं गुऱ्हाळ होतं तिथं आता मंगल कार्यालय आहे. माझी सायकल कुणी कधी नेली ते घरात कुणाला आठवत नाही, मीही तिसऱ्या खेपेनंतर विचारलं नव्हतं. "दे कुणाला तरी," मी म्हणाले. "मी मे महिन्यात येईन. पाहुणी." दादा वहिनीला हाक मारून म्हणाला, "न्हाई येत ती," आणि त्याचा आवाज मला वाटला होता तेवढा दुखावलेला नव्हता. थोडा होता.

मी शांत झाले असं नाही. अजूनही पुस्तक वीस पानांवर मिटतं, अजूनही पहाटे घरात चालते. पण आता जायला जागा आहे. अर्शीने ओळखीच्या दुकानातून एक जुनी सायकल मिळवून दिली, ती मलिहाबादलाच ठेवली आहे, घुगरीवाल्या बाईंच्या ओसरीवर. शनिवारी टॅक्सीने तिथवर आणि पुढे सायकलने. कोल्हूवर मी पोचायच्या आधी माझी घंटी पोचते, आणि रामसेवकजींचा मुलगा मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "आँच कम करौ, मास्टरनी आय गईं."

दुसऱ्या घाण्याचा गूळ चांगला उतरला. मी एक ढेप त्याच मांजरपाटात बांधली आणि संक्रांतीच्या आधी दादाला पाठवून दिली. चिठ्ठी घातली नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. आधी तब्येतीचं विचारलं, मग थंडीचं, मग घसा खाकरला.

"गूळ पोचला."

"कसा आहे?"

"चांगला हाय. रंग झ्याक हाय." थोडं थांबून, जपून, "जरासा खारट वाटला गं."

"खारट?" मी उभी राहिले. "काही खारट नाही. दातानं खाल्ला असशील. आमच्याकडचा गूळ असाच असतो."

पलीकडे दादा हळूच हसला. बोलून गेल्यावर मी फोन हातात धरून तशीच उभी होते. खिडकीबाहेर मिसेस मिश्रा गच्चीवर तीळ वाळत घालत होत्या. त्यांना एक तुकडा नेऊन द्यायचा राहिला होता.